बंदकाका

बायकोलाही सांगितलेलं नाही, ते आधी सांगून टाकतो. बंदकाकांनी मला एकदा एक सरळ प्रश्न विचारला आणि मी खोटं उत्तर दिलं.

रिसोडात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. मी बारा वर्षं त्यात भागीदार. दुरुस्त झालेलं यंत्र सुरू झालं की गिऱ्हाईक खूश. काका मात्र म्हणत, "चालू तं कोनीबी करते. बंद करून दाखव." मग यंत्र थांबतानाचा आवाज डोळे मिटून ऐकत. गावानं त्यावरूनच नाव ठेवलं. "बंदकाका हाय का?" असं कोणी दारातून विचारलं, की आतून ओरडत, "हाय ना बाप्पा, चालू हाय!"

पत्रावळी दाबून काढणाऱ्या प्रेसची कार्डं, म्हणजे ती चालू-बंद करणारी सर्किटं, ते स्वतः बनवत, वर पेनानं आपलं नाव लिहीत. पेडल दाबलं की ट्रान्झिस्टर सोलेनॉइडच्या कॉइलला करंट देतो, ती क्लच ओढते, डाय म्हणजे साचा एकदा खाली येऊन वर जातो. करंट तोडताना कॉइल उलटा झटका मारते, ट्रान्झिस्टर जळतो. म्हणून बाकीचे कॉइलवर नुसता उलटा डायोड टाकून मोकळे होत. ट्रान्झिस्टर वाचे, पण करंट कॉइलमध्येच घुटमळे आणि क्लच उशिरा सुटे. काका डायोडसोबत झेनर टाकत, म्हणजे ठराविक व्होल्टच्या वर झटक्याला वाट देणारा डायोड. "कॉइल म्हंजे रागीट मानूस. राग पुरा दाबला तं घंटाभर कुरकुरते. ट्रान्झिस्टरले झेपंल तेवढा निघू दे, लवकर ठंडी होते."

लग्नसराईत पत्रावळीच्या एका शेडमधलं काकांचं कार्ड जळलं. काका काकूंचे डोळे दाखवायला वाशीमला गेले होते, म्हणून मी गेलो. पेटीत झेनर नव्हता. नुसता डायोड टाकला. पेडलवरून पाय उचलला. क्लच सुटल्याचा 'टक' किंचित उशिरा आला. मी तो ऐकला.

"भाऊ, कायले टाइम लावता? ऑर्डर पडून राह्यली!" मालक म्हणाला.

"चालते," मी म्हणालो. उद्या झेनर टाकू, असं ठरवलं. उद्या गेलो नाही, परवाही नाही.

तिसऱ्या दिवशी क्लच वेळेत सुटला नाही आणि डाय न सांगता दुसऱ्यांदा खाली आला. प्रेसवर काम करणाऱ्या बेबीताई पत्रावळ उचलत होत्या. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

वाशीमहून परतलेल्या काकांनी शेडमध्ये येऊन कार्ड उघडलं, नुसता डायोड पाहिला. मालक चारचौघांत ओरडला, "काका, हे तुमचं कार्ड!"

"हो. माह्यंच हाय."

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "बंद करून आयकलं होतं का रे?"

"हो काका. आवाज बरोबर होता."

पुढे प्रेसची कामं येईनाशी झाली. काका दुकानात बसत, पण कुणालाही यंत्र बंद करून दाखव म्हणत नसत. ते मला सगळ्यात जास्त छळतं. मागच्या वर्षी गेले. माझं उत्तर त्यांना खरं वाटलं होतं का, मला माहीत नाही.

बेबीताई रिसोडातच आहेत. त्यांची बोटं काकांच्या चुकीनं गेली, असंच त्या समजतात. चूक माझी होती, हे त्यांच्या दारात जाऊन सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.