दिल्लीतली आमची धमणी

आमची धमणी दिल्लीच्या संग्रहालयात उभी आहे ही बातमी माझ्या भावानं आणली. तो पलटणीत होता आणि त्याच वर्षी त्याची बदली दिल्लीला झाली होती. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात तो रजेवर कराडजवळच्या आमच्या गावी आला, आणि जेवता जेवता त्यानं सांगितलं, की शहराबाहेरच्या माळावर केवढी तरी जागा घेऊन तिथं देशभरातली जुनी घरं, टांगे, होड्या, पालख्या, आगगाडीची इंजिनं आणून मांडलीत.

"आन् त्यात आपली धमणी हाय, आबा. पाटीवर सातारा जिल्हा लिवलंय."

आबांच्या तोंडावर हसू पसरलं. आई चुलीपुढं बसली होती. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा कुठं तिनं ती उलटली.

धमणी म्हणजे छपराची हलकी बैलगाडी, बायकामाणसांना न्यायला-आणायला ठेवलेली. आई लग्न होऊन आली ती तिच्यातून. पुढं तिला बाळंतपणाला कराडच्या दवाखान्यात नेताना वाटेतच, ओढ्याच्या अलीकडं, माझा भाऊ जन्मला तोही तिच्यातच. काही वर्षांपूर्वी आई आजारी आजीपाशी माहेरी राहिली असताना संग्रहालयाची माणसं ट्रक घेऊन गावोगाव हिंडत आली आणि आबांनी धमणी त्यांना देऊन टाकली. आई परतली तर धमणी ठेवायची छपरी रिकामी. तिनं एकदाच विचारलं, "धमणी कुटं हाय?" आबा म्हणाले, "दिली." त्यानंतर घरात उसाच्या पाण्याचं, पाहुण्यारावळ्यांचं, सगळं बोलणं व्हायचं, पण धमणीचं नाव कुणी घ्यायचं नाही.

भाऊ परत जाताना बजावून गेला, "दिवाळीच्या सुट्टीत तिघंबी या. मी रजा काढून ठिवतो." मी सांगलीच्या एका शाळेत शिक्षिका होते आणि शनिवारी एस.टी.नं घरी यायचे. दिल्लीला न्यायचं ते मीच, हे न सांगताच ठरलं. मिरजेला जाऊन रिझर्वेशन केलं, गाडी पुण्यात बदलायची हे पक्कं करून घेतलं, आबांना कोट शिवायला टाकला. आई तयार होईल की नाही याचीच मला धाकधूक होती. ती लगेच तयार झाली, आणि त्यानंच माझी झोप उडाली.

"मी बघाय न्हाई येत," ती म्हणाली. "मी आणाय येते. मालगाडीत घालून आणता येती का, तेवढं मिरजंला इचारून ये."

"आई, ती आता सरकारची झाली."

"सरकारला काय ठावं माजी व्हती म्हनून?"

मी मिरजेला काही विचारलं नाही. दर शनिवारी ती पहिला प्रश्न तोच करायची आणि मी गर्दी होती म्हणून टाळायचे. तिचा हट्ट मला माहीत होता. तिथं जाऊन ती चाकाला मिठी मारून बसली तर काय करायचं, या विचारानं वर्गात फळ्यावर लिहिताना माझा हात थांबायचा.

आबांनाही तिचा बेत कळला असावा. निघायच्या आधीच्या शनिवारी ते मला उसाच्या पाटावर घेऊन गेले.

"तिला नगं न्यायला," ते म्हणाले. "पोराची नोकरी हाय तितं. चार साहेब वळकीचं असत्यात. शोभा हुईल."

"ती न्हाई आली तर मीबी न्हाई येत, आबा."

त्यांनी वाकून वाहत्या पाण्यात अडकलेला पाला काढला. मग म्हणाले, "तुजा चुलता वाटणी मागत व्हता. जमिनीची झाली, भांड्यांची झाली. मग म्हनला, धमणीचीबी करा. चाकं एकाला, वरची साटी एकाला. सुताराला करवत घिऊन बोलावलाबी व्हता. त्याच आठवड्यात ती मानसं आली. म्हनलं, तुकडं हुन्यापरीस कुटंतरी आक्की तर ऱ्हाईल."

"मग आईला का न्हाई सांगितलं?"

"तुज्या मावशीचाच नवरा हाय न्हवं त्यो. भनीभनीत इस्तू पडला असता."

आई आणि मावशी, सख्ख्या बहिणी, एकाच घरात दोन भावांना दिलेल्या. आबांनी मला शपथ घातली नाही, पण त्यांचा चेहरा शपथ घातल्यासारखाच होता.

निघायच्या दिवशी सकाळी मी आईच्या गाठोड्यात दशम्या ठेवायला गेले तर आत नवाकोरा कासरा. गाडीच्या बैलांना बांधतात तो दोर. ती खरंच धमणी आणायला निघाली होती. दार लोटून मी तिला सगळं सांगून टाकलं, चुलत्यांचं, करवतीचं, मावशीचं. वाटलं, ती रडेल, नाहीतर मावशीच्या नावानं बोटं मोडेल. ती शांतपणे लुगडं घडी करत राहिली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तुजी मावशी कवाच येऊन रडून गेलीया."

"मग आबांवर राग कशाचा?"

"त्यांनी वाचिवली, व्हय. पर मला इचारलं न्हाई. माजं म्हायेर काय लंकंत हाय? सांगावा धाडला असता तर सांजच्याला आले असते. माजा हात फिरवून मग दिली असती तर मी नगं म्हनले असते का?"

तिनं कासरा बाहेर काढला नाही. मीही काढ म्हटलं नाही.

गाडीत आबा खिडकीपाशी बसले, आई बाकाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मधे मी. दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चाले. "त्यास्नी पानी पायजे का इचार." "तिला म्हनावं, शाल घे." दिल्लीच्या स्टेशनवर भाऊ दिसला तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं.

संग्रहालयात आई कुठंही थांबली नाही. झपाझप चालत ती एका पत्र्याच्या शेडखाली आली, आणि तिथं एका टांग्याशेजारी आमची धमणी उभी होती. भोवती दोरी बांधलेली. रंग नव्यानं दिलेला, पण साटीच्या कडेला बैलानं शिंग मारून पाडलेली खोक तशीच होती. आईनं दोरीखालून हात घातला आणि पहारेकरी ओरडत धावला.

आई त्याला मराठीत सांगू लागली, "बाबा, मी हिच्यात बाळंत झालीया." त्याला काही कळेना. मी हिंदीत सांगायला तोंड उघडलं. भाऊ पुढं होणार, एवढ्यात आबा मधे आले. तरुणपणी तेही पलटणीत होते. छाती काढून, नव्या कोटाचं बटण लावत ते म्हणाले, "गाडी इनकी है. हमने दिया, लेकिन इनसे पूछा नहीं था. गलती हमारा है."

पहारेकऱ्यानं आबांकडं पाहिलं, मग आईकडं. त्यानं दोरीचं एक टोक सोडलं आणि पाठ करून उभा राहिला.

आई आत गेली. ती चढली नाही, मिठीही मारली नाही. छपराच्या काठावरून तिनं तळवा फिरवत नेला, मागं जाऊन आत डोकावली आणि बाहेर आली. "पाऊस लागत न्हाई न्हवं हितं?" तिनं भावाला विचारलं. लागत नाही म्हटल्यावर मान हलवली.

पुढं दोन वाटा फुटत होत्या, एक इंजिनांकडं, दुसरी होड्यांकडं. आबा थांबले आणि माझ्याकडं न बघता थेट तिलाच म्हणाले, "कुनीकडनं जायाचं?"

"होड्या बघू," आई म्हणाली. "आवं, पर हळू चला जरा. पाय दुकत्यात माजं."

मावशीकडून आपल्याला सगळं आधीच कळलं होतं, हे तिनं आबांना पुढं कधी सांगितलं का, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.