तीन सरक्या, तीन मिनिटं

“राम राम मी करीन, मालक. तुमी तिघं फक्त खोकला दाबून उभे राह्यजा.”

भावसिंगानं हे सांगितलं तेव्हा मारोतरावांच्या हातातला अडकित्ता थांबला. पुंडलिकराव चुन्याची डबी शोधू लागले. किसनराव तेवढे तापले.

“म्हंजे आमी मुके होऊन पोस्टात जावाचं का?”

“मुके काहून जी? आता बोलून घ्या, पोटभर बोला. तिथं तोंड एकच राहीन.”

हे तिघं पांढरकवड्याच्या एका कापसाच्या जिनाचे भागीदार, अन् भावसिंग त्यांच्या गाठी बैलबंडीनं वाहणारा बंडीवाला. मालकांना बोलायचं कसं हे बंडीवाल्यानं शिकवायचं, असे दिवस एकसष्ट साली आले होते. अन् ते ट्रंककॉलनं आणले होते.

सकाळी पोस्टात नंबर द्यायचा अन् बाकावर बसून राहायचं. नागपूर लागलं तर लागलं. लागलं की तीन मिनिटं मिळत. मग यक्सचेंजवाला मधात बोले, अन् मागं ओळीत माणसं असली की सरळ दोर कापे. जिनाच्या गाठी घेणारा दलाल शेठ नागपूरला. त्याच्याशी दोनदा बोलणं झालं होतं, अन् दोन्ही वेळा काहीच झालं नव्हतं.

पहिल्या खेपेला मान वडील म्हणून मारोतरावांचा. घरच्यांची खुशाली विचारल्याशिवाय मालाची गोष्ट काढणं म्हणजे त्यांच्या लेखी जनावरपणा. त्यांनी शेठच्या आईचे गुडघे विचारले, लेकीच्या सोयरिकीचं विचारलं, तिकडं थंडी कशी काय हे विचारलं. शेठही खानदानी माणूस. त्यानं इकडच्या तुरीचं विचारलं. गाठीतला ‘गा’ निघायच्या आत दोर कापला गेला.

दुसऱ्या खेपेला तिघंही एका फोनला झोंबले, एका आचळाला तीन वासरं झोंबावी तसे. तिकडं शेठ अन् त्याचा मुनीम दोघं एकदम बोलत होते. बाहेर आल्यावर मारोतराव म्हणाले ऐंशी गाठी, किसनराव म्हणाले साठ. पुंडलिकरावांना शेठ आजारी आहे असं ऐकू आलं होतं. त्यांनी त्याच दिवशी काळजीचं कार्ड टाकलं.

त्यावर शेठचं उत्तर आलं. तब्येत ठीक आहे; मात्र या बुधवारी पक्कं झालं नाही तर मी दुसऱ्या जिनाचा माल घेतो.

म्हणून भावसिंग. त्याचा आजा लदेणीवरचा, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूख तुडवणारा. तांड्याचं पुढचं टोक एका टेकडीवर, मागचं दुसऱ्या. मधात हाकेचा कारभार. आधी नाव घ्यायचं अन् थांबायचं. मग एकच गोष्ट सांगायची अन् थांबायचं. पलीकडच्यानं तीच गोष्ट जशीच्या तशी मोठ्यानं परत फेकली तर पोचली, नाही तर नाही. अन् हाक देणाऱ्यानं आपल्या पदरचं काही घालायचं नाही. आजा म्हणे, सांगावा नेणाऱ्याले पोट नसते.

भावसिंगानं मालकांना हेच नियम घातले. मालकांचं बोलणं तीन गोष्टींवर आणायला त्याला पुरी सकाळ लागली. गाठी किती? दुसऱ्या वेचणीचा कापूस चालते का? अन् माल जाईल कसा, बंडीनं वणी टेसनावर, का मोटारीनं, म्हणजे ट्रकनं, नागपूरले? त्याला लिहिता येत नव्हतं. त्यानं जिनातल्या ढिगातल्या तीन सरक्या, म्हणजे कापसाच्या बिया, उचलून डाव्या मुठीत धरल्या. एक गोष्ट झाली की एक सरकी उजवीकडं.

तिसरी सरकी त्याच्या पोटाची होती. वणी दोन मुक्कामांवर, अन् तांड्याच्या अकरा बंड्यांचा हिवाळा त्या रस्त्यावर निघे. दिवाळीत किसनरावांच्या साळ्यानं ट्रक घेतला, तेव्हापासून किसनरावांना बंडीची चाकं फार हळू फिरताना दिसू लागली होती. मारोतराव बंडीच्या बाजूचे. पुंडलिकराव जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूचे. शेवटी ठरलं, शेठ म्हणेल तसं; त्याचं काही कळलं नाही तर नेहमीसारखं बंडीनं. अकरा बंड्या जिनाच्या आवारात येऊन उभ्याच होत्या.

बुधवारी दुपारी नागपूर लागलं. फोनच्या खोक्यात भावसिंग एकटा शिरला. दाराशी तिघं मालक खोकला दाबून उभे.

“शेठजी, भावसिंग बोलून राह्यलो, पांढरकवड्याहून. राम राम. गाठी किती?”

तिकडून दोन आवाज आले.

“एकानं बोला जी. दोघांचा गलका होते.”

नागपूरच्या पेढीला असं कोणी कधी बोललं नसावं. मारोतरावांनी डोळे मिटले. पण एक आवाज गप झाला.

“ऐंशी. पुढच्या बुधवारपर्यंत,” भावसिंगानं ओरडून परत फेकलं. पोस्टातला शिक्के मारणारा दचकला. सरकी उजव्या मुठीत गेली. दुसऱ्या वेचणीचा कापूस चालेल, पण ओला नको; तीही गेली. एवढ्यात यक्सचेंजवाला मधात म्हणाला, टाईम होत आला.

डाव्या मुठीत एक सरकी राहिली. भावसिंगानं ती अंगठ्यानं चाचपली. त्या खोक्यात ती सरकी त्याच्याशिवाय कोणाला दिसत नव्हती. दोर कापला जाऊ दिला असता तर बोल यक्सचेंजवाल्यावर गेला असता, अन् बंड्या आज वणीच्या रस्त्याला लागल्या असत्या.

“भावसिंग, तिसरं,” मारोतराव दबक्या आवाजात म्हणाले. बिचारे त्याच्याच भल्यासाठी म्हणाले; शेठ बंडीच म्हणेल असं त्यांना वाटलं होतं.

त्यानं विचारलं. तिकडून उत्तर आलं.

“मोटारीनं,” तो म्हणाला. मग नियम आठवून मोठ्यानं, “मोटारीनं, नागपूरले. बंडी नको.” तिसरी सरकी उजव्या मुठीत गेली.

दोर कापला गेला.

असा फोन पांढरकवड्यात कधी झाला नव्हता, असं पोस्टमास्तर म्हणाले. पुंडलिकरावांनी भावसिंगाला स्वतःच्या हातचं पान दिलं. यापुढं दर फोनला भावसिंगच, हे किसनरावांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, अन् साळ्याला निरोप धाडायला तेच सगळ्यांत आधी निघाले. मारोतराव मागं राहिले.

“तू असं काहून सांगतलं गा? आमाले कुठं काही ऐकू येत होतं?”

“म्हणूनच तर मले आत धाडलं ना, मालक.”

आवारात त्याची बायको सुखीबाई बैलांना कडबा टाकत होती. नागपूरला दिलेली हाक जिनापर्यंतही आलीच होती, तिला सांगावं लागलं नाही.

“इतक्या मोठ्यानं बोंबलाचं होतं का?” तिनं एवढंच विचारलं.

“पोचाले लागते,” भावसिंग म्हणाला.

त्यानं बंडीवाल्यांना जू उतरवायला सांगितलं. ट्रक चार वाजेपर्यंत येणार होता, अन् गाठी वर चढवायला हमाल कमी होते. मूठ उघडून त्यानं तिन्ही सरक्या आपल्या जोडीतल्या थोरल्या बैलापुढं धरल्या. बैलानं त्या जिभेनं ओढून घेतल्या. मग भावसिंगानं भिंतीवरचा लोखंडी आकडा काढला, बंडीवाल्यांतले सहा जण सोबत घेतले, अन् पहिली गाठ ओढायला गेला.