वाळलेली काचपट्टी

किनवटच्या कॅन्सर-तपासणी शिबिरात गर्भाशयमुखाच्या पेशींचा नमुना काचपट्टीवर घेतला, की ती वाळायच्या आत स्पिरिटमध्ये बुडवायचं काम माझं होतं. एका बाईची पट्टी माझ्या गप्पांच्या नादात वाळून गेली. नांदेडहून अहवाल आला: पेशी ओळखू येत नाहीत, पुन्हा नमुना घ्यावा.

शिबिरातून जाताना ती बाई म्हणाली होती, “परत बोलावू नका बरं भाऊ. सासूला देवाला जाते म्हणून आलेय. सारखा सारखा कोणता देव सांगू?”

मी तिला फोनवर सांगून टाकलं, काही निघालं नाही.

तीन वर्षांनी ती कॅन्सरच्या वॉर्डाबाहेर दिसली. लेकीला म्हणाली, “ह्याच भाऊनं तपासलं होतं. तवा कायबी नव्हतं. माझंच नशीब.”

मी मान डोलावली. ती गेल्याचं कळलं, तेव्हा कुठे हे लिहायचं धाडस झालं.