नळाच्या दिवशी पडणारी एमसीबी

माझी बॅग भरून तयार होती. दुकानाच्या गिऱ्हाईक असलेल्या एका काकूंच्या एसीची एमसीबी पुन्हा पडली होती, आणि ज्यांच्या दुकानात मी काम करतो ते उस्ताद म्हणाले होते, "अबकी बार तिथून फोन आला ना मियाँ, तर मीच तुला बसस्टँडवर सोडतो." ते हसले. मला काही हसू आलं नाही. आठवीत शाळा सुटलेली, गाव तिकडं गडचिरोलीत, झोपायला दुकानाचाच माळा. आईला तर सांगून बसलेलो, तुझा पोरगा एसीचं काम शिकला.

एमसीबी म्हणजे वायरीवर भार वाढला की आपोआप पडून वीज तोडणारा खटका. मी ती काढून नवी सोळा अँपिअरची बसवली, स्क्रू आवळले, एसी तपासला. सगळं ठीक. तरी पडायचीच.

या खेपेला काकू दारातच म्हणाल्या, "शेजारच्यानं सोळाची काढून बत्तीसची बसवली. कव्हाच पडत नाय. तू बी बसव आन् मोकळा हो."

हात शिवशिवले. बत्तीसची बसवली की तक्रार संपली. पण उस्तादांनी कान पिळून शिकवलं होतं, एमसीबी वायरीची राखण करते. राखणदारच झोपाळू ठेवला तर आधी भिंतीतली वायर जळेल.

"काकू, थोडं बसतो." वायरीला दुकानातला करंट मोजायचा जुना मीटर अडकवला. आकडा आठाच्या आसपास. पोहे झाले, चहा झाला, आकडा हलेना. एसीच्या गारव्यात मला घाम.

तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, "पाणी आलंऽ!" इथं नळ रोज येत नाही; आला की सगळी गल्ली मोटारीकडं धावते. काकू धावल्या. एसीच्या पॉइंटमधून काढलेली एक वायर पडद्यामागून खाली अंगणात गेली होती. त्यांनी तिचं बटण दाबलं. खाली मोटार घरघरली, आकडा पंचविसावर गेला आणि काही मिनिटांत, खट्!

"काकू! मोटार एसीच्या वायरीवर?"

"मग? तेवढाच तर मोठा पॉइंट हाय घरात."

"मला सांगायचं ना!"

"तू एसीचं इचारलं. मोटारीचं कुठं इचारलं?"

मोटारीला बोर्डापासून वेगळी वायर ओढली, वेगळी एमसीबी दिली. एसीला तीच सोळाची ठेवली. मग पुढच्या नळाची वाट. बॅग काही उपसली नाही, मन धजेना.

फोन आला तो उस्तादांच्या मोबाइलवर. त्यांनी स्पीकर लावला. काकू मोटारीच्या घरघरीवर ओरडत होत्या, "टाकी भरून सांडायली! आन् एसी बी चालू हाय! लई गार! त्या पोराला म्हणावं, जेवायला ये!"

मी दुकानातच नाचलो. खरंच नाचलो. उस्तादांनी माळ्याकडं पाहिलं. "ये बॅग कायको भरा रे?"

"तुम्हीच म्हणाला होता, बसस्टँड..."

"येडा हाय काय? उपस ती. चितेगावला एकाची एमसीबी पडायली. तू जा." आणि स्वतःचा मीटर त्यांनी माझ्या हातात ठेवला. "आधी इचार, मोटार कुठं हाय."