मणिबेलीवाले, दोन जण

चकवा लागला, घाटात बाई दिसली... असले किस्से कुणी सांगायला लागलं की मी एकच विचारायचो — "किती घेतली होती?" स्वभाव तिरकसच आहे माझा. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचीच थोडी लाज वाटतेय. तुम्ही हसलात तरी हरकत नाही.

शहाद्याला एसटी स्टँडजवळ एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये मी काम करतो. शेठ मॅनेजर म्हणतात, पण काम दारात उभं राहायचं. आलेल्याला "किती जण?" विचारायचं, थांबवायचं, टेबल सुटलं की आत सोडायचं. वेटिंगला आम्ही नाव विचारत नाही, गाव विचारतो. "पाटील" म्हणून हाक मारली तर अर्धं हॉटेल उठेल! म्हणून "प्रकाशावाले, सहा जण!" असं ओरडायचं. सगळं डोक्यात ठेवायचं.

मागच्या उन्हाळ्यातला रविवार, दुपारची वेळ, ऐन लग्नसराई. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी एकदम जेवायला येतात — मामा, मावश्या, पोरंसोरं, शिवाय कापडांची गाठोडी, त्यांनाही खुर्ची लागते! त्यात एसी बंद पडलेला. शेवभाजीचा ठसका थेट दारापर्यंत. प्रकाशा गावचे एक काका माझी बाही धरूनच उभे होते.

"भाऊ, आम्हनी बारी कवय येई? पोरं भुक्या मरी ऱ्हायनात!"

"दम धरा काका, आते व्हई जाई." सकाळपासून हीच टेप चालू होती.

पार्सल काउंटरपाशी एक म्हातारे बाबा उभे होते. धोतर, खांद्यावर टॉवेल. त्यांची बायको मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात होती. पॅरालिसिसचा झटका आलेला, तेव्हापासून वाचाच गेलेली. मुलगी तिच्याजवळ बसलेली. डॉक्टरांनी पातळ खिचडी द्यायला सांगितली म्हणून बाबा आले होते. मी किचनला खिचडी सांगितली आणि त्यांना विसरूनही गेलो.

थोड्या वेळाने दारात एक म्हातारी आली. मी एकीकडे गाठोडी सरकवत होतो.

"कितला जण, माय?"

"दोन."

"गाव?"

"मणिबेली."

"बठा, बलावस." मी मान फिरवली. एवढंच... खरंच एवढंच.

दोघांचं टेबल सुटलं तसा मी ओरडलो, "मणिबेलीवाले, दोन जण!" कुणी उठलं नाही. पुन्हा ओरडलो. तेव्हा काउंटरपाशी उभे असलेले बाबा हळूच वळले.

"मणिबेली कोण बोल्लं?"

"एक माय होती बाबा. आत्ता इथंच होती."

"आमचं घर होतं तिथं. धरणाच्या पाण्यात गेलं. आता तळोद्याकडं वसाहतीत राहतो, मी वसाहतीचंच नाव सांगतो. आमची म्हातारी नाय सांगायची. बोलता येत होतं तोवर मणिबेलीच बोल्ली. रेशनच्या दुकानातबी."

दार, पायऱ्या, वॉशबेसिन — सगळीकडे नजर टाकली. म्हातारी कुठेच नव्हती. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही आधी दवाखान्यात जा. खिचडी मी पाठवतो."

बाबा रस्त्याकडे बघत राहिले. मग सरळ आत गेले आणि त्या टेबलावर बसले.

"दोन जण बोल्ली ना ती? मग इथंच येईल."

"बाबा, उठा हो... जा ना तिच्याकडे!"

"तिथं गेलो की ते सांगतील. मी नाय जात."

काय करणार होतो मी? कदाचित ती जिवंत असेल, शेवटचे श्वास मोजत असेल, आणि हा माणूस माझ्या एका हाकेमुळे इथे बसून राहिलाय! आणि तिचं आटोपलंच असेल, तर त्याला उठवणारा मी कोण? दार सोडून दवाखान्यापर्यंत पळायची सोय नव्हती. गल्ल्यावरून शेठ ओरडले, "तो टेबल कोन अडाई बठना? उठाड तेले!" मी ऐकलंच नाही असं दाखवलं. वेटरने दोन ताटं ठेवली. बाबांनी हात लावला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून दाराकडे बघत बसले. मीही दाराकडेच बघत होतो, कारण माझं कामच ते.

मग मुलगी आली. अनवाणी, पदर सुटलेला. "बा!" म्हणाली आणि त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. मला भाषा येत नाही, पण ते कळायला भाषा लागत नाही.

बाबा रडले नाहीत. उठले, माझ्यापाशी आले आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"तुझ्याशी बोल्ली ना? आवाज कसा होता? पयल्यासारखा होता का?"

मागून काका बाही ओढत होते. मी खूप आठवायचा प्रयत्न केला. त्या दुपारी किती जणांचे आवाज कानावरून गेले होते... "साफ बोलली, बाबा," एवढंच म्हणालो. ते आणखी ऐकायला थांबले. शेवटी मुलीने त्यांना धरून नेलं.

मणिबेलीचीच दुसरी कुणी म्हातारी येऊन कंटाळून निघून गेली असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. तसं असेलही. दारावरच्या कॅमेऱ्याचं फुटेज पाहिलं. त्यात मी खाली वाकून कुणाशी तरी बोलताना दिसतो. समोर कोण आहे, ते काकांच्या पाठीमुळे दिसतच नाही. वेटरांपैकी कुणाला ती आठवत नाही. मला तिचं लुगडं आठवत नाही, चेहरा आठवत नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा. पण खरं सांगू? ती कोण होती, हे आता मला फारसं छळत नाही. त्या माणसाने माझ्याकडे फक्त तिचा आवाज मागितला होता. तो मी ऐकला होता... आणि मला तो काही केल्या आठवत नाही.