तारेवरचा शर्ट

गल्लीत सगळे त्याला ऊनवाला म्हणत. लोकांच्या गच्च्यांवर सोलर पॅनेल बसवायचं त्याचं काम, आणि बडबड अशी की गिऱ्हाईक हात जोडायचं. "अहो, ही सगळी एका माळेत जोडलेली. पाण्याच्या पाइपावर एका जागी पाय दिला तर पुढं धार येईल का? तसंच आहे हे. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली पडली की अख्खी माळ ढेपाळते." हे पुराण त्यानं सगळ्या गावाला ऐकवलं होतं. बायकोला मात्र कधीच नाही. घरी आल्यावर कोण दुकान उघडून बसतं?

बायकोची फुप्फुसं कामातून गेली होती. कॉटशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घरघरत असे. रोज संध्याकाळी वीज जाई, तेव्हा ते बॅटरीवर चाले, आणि बॅटरी भरायची गच्चीवरच्या पॅनेलांवर. पॅनेलं कुठूनतरी काढून आणलेली, जुनी. पण बसवली होती जीव ओतून. वीज परत येईपर्यंत बॅटरीनं तग धरावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

अलीकडे तीच दगा देऊ लागली. वीज यायच्या आधीच मशीन शिट्टी मारून धोक्याची सूचना देई, आणि तो वीज येईपर्यंत मिनिटं मोजत बसे. सुट्टीच्या दिवशी तो गच्चीवर ठाण मांडून बसला. पॅनेलं पुसली, जोडण्या तपासल्या. त्या दिवशी बॅटरी काठोकाठ भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. त्यानं बॅटरीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि नवी बॅटरी आणली. तिनंही तेच केलं.

"अख्ख्या गावाला ऊन वाटता, आणि घरातच टंचाई!" बायको हसली. हसताना तिला धाप लागली. मग हळूच म्हणाली, "नुसती खाटेला भार झालेय मी."

"गप पड. तू फक्त श्वास घे. बाकी मी बघतो."

तिनं मान डोलावली आणि धुतलेल्या, घडी केलेल्या कामाच्या शर्टाकडे बोट दाखवलं. "वहिनींनी धुऊन दिलाय." वहिनी म्हणजे शेजारी राहणारी त्याची भावजय.

बायको गेली त्या संध्याकाळी तो गावाच्या दुसऱ्या टोकाला एका गिऱ्हाइकाला फांदी छाटायला लावत होता. घरी आला तेव्हा घरात अंधार होता आणि मशीन गप्प होतं. भिंतीला टेकून ती बसल्या बसल्याच गेली होती.

पाहुणे पांगले. कामावर जायचं तर अंगावरचा शर्ट मळून गेलेला. त्यानं वहिनीला हाक मारली. "माझा दुसरा शर्ट कुठं ठेवलात, वहिनी?"

"मला काय ठाऊक, भाऊजी?" वहिनी गोंधळली. "माझी कंबर धरल्यापासून मी कुठं धुतेय? तुम्ही लॉन्ड्रीत टाकता, असं तीच म्हणाली होती."

 तो तडक गच्चीचा जिना चढला. चार पायऱ्यांत निळी पडणारी बाई हा जिना कसा चढली असेल? बसत बसत, नाकातली नळी खाली काढून ठेवून. तेही तो कामावर गेल्यावरच, कारण घरी असता तर त्यानं आकाशपाताळ एक केलं असतं.

गच्चीवर पॅनेलांपुढे, त्याच्याच कामातून उरलेल्या वायरीच्या तुकड्यावर, शर्ट वाळत होता. ती गेली त्या दिवसापासून तो तिथंच होता. वाऱ्यानं बाही हलली की खालच्या पॅनेलावर सावली सरकत होती. फार नाही, कोपऱ्यापुरतीच.

तो तिथंच बसून ढसाढसा रडला. ऊन चांगलं कडक पडलं होतं. तिनं शर्ट उलटा करून वाळत घातला होता, उन्हानं रंग उडू नये म्हणून.