गाडीतली पुढची जागा

वैमानिकांना विमानापर्यंत नेणाऱ्या आमच्या गाडीत ड्रायव्हरशेजारची जागा सर्वांत ज्येष्ठ कॅप्टनची. असं कुठे लिहिलेलं नाही, पण माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत ती कधी चुकली नव्हती. आज सकाळी ती रिकामीच गेली.

आमची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. दोन्हींकडच्या वैमानिकांची ज्येष्ठतेची एकत्र यादी मात्र अजून लागायची आहे. आमचे कॅप्टन देसाई आणि पलीकडच्या कंपनीतले एक कॅप्टन गाडीच्या दाराशी थांबले.

"बसा ना तुम्ही," देसाई म्हणाले.

"नको, यादी लागू दे," पलीकडचे कॅप्टन हसून म्हणाले, आणि दोघेही मागे जाऊन बसले.

मला ते हसू आवडलं नाही. यादीत माणूस खाली सरकला की त्याची बढती, मोठं विमान, दिवाळीची सुट्टी, सगळंच लांबतं. म्हणून हल्ली कुणी कुणाला दुखवत नाही. नेमकी त्याचीच भीती वाटते.

गाडीत बसण्याआधी, उड्डाणाचा मार्ग आखणाऱ्या आमच्या खात्यातर्फे, हवामानाचे कागद मीच दिले होते. पूर्वी सहवैमानिक लगेच म्हणायचा, "सर, या ढगांना वळसा घालू या का?" आज देसाईंच्या जोडीचा सहवैमानिक पलीकडचा होता. नकाशावरच्या वादळी ढगांच्या लाल डागावर त्याची नजर थबकली. त्याने एकदा सही करणाऱ्या देसाईंकडे पाहिलं आणि कागदाची घडी घातली.

मीही बोललो नाही. आमच्या खात्याची यादीही अजून लागायची आहे.